आळंदी ते पंढरपूर माउंटन बाईकवर: हायवे सोडून जाता येईल का?

चाकोरीबाहेर

दिवाळीनंतर, कार्तिकीची गर्दी ओसरली की लगेच आळंदी ते पंढरपूर सायकलने जायचा बेत आहे. मार्ग माउलींच्या पालखीचाच: पुणे, सासवड, जेजुरी, वाल्हे, नीरा, लोणंद, तरडगाव, फलटण, बरड, नातेपुते, माळशिरस, वेळापूर, भंडीशेगाव, वाखरी. मुक्कामांची अंतरं जोडली तर अडीचशे किलोमीटरच्या आसपास भरतात. सायकल २९ इंची हार्डटेल (मागे सस्पेन्शन नाही), १०० मिमीचा फोर्क (पुढचं सस्पेन्शन), १×१२ गिअर (पुढे एक चकती, मागे बारा), हायड्रॉलिक डिस्क ब्रेक. सोबत सात-आठ किलो सामान.

अडचण अशी की हा रस्ता आता राष्ट्रीय महामार्ग ९६५ आहे. दिवेघाट ते मोहोळ सुमारे २२१ किमीच्या चौपदरीकरणाची पायाभरणी ८ नोव्हेंबर २०२१ला झाली, आणि बराचसा भाग सरळसोट काँक्रीट आहे. माउंटन बाईक न्यायची तर मातीचा रस्ता हवा. तेव्हा जाणकारांनी सांगावं: हायवेला समांतर कच्चे रस्ते किती मिळतील? टायर कोणते? चार दिवस पुरतील का?

गिअरबदलू

काँक्रीटवर जाड खाचांचे टायर म्हणजे ब्रेक दाबून सायकल चालवण्याचा प्रकार. बारीक टायरची हायब्रिड घ्या, दोन दिवसांत कळसदर्शन.

नीराकाठ

गिअरबदलू, धागाकर्त्याला लवकर पोचायचंच नाहीये. प्रश्न नीट वाचा राव.

आता मुद्द्याचं. या मार्गाचे सरळ तीन तुकडे पाडा.

पहिला, आळंदी ते सासवड. इथे मातीचा नाद सोडा. पुणे शहर पार करणं, हडपसरची वाहतूक आणि मग घाट. हा सगळा डांबरी कारभार आहे. पहाटे लवकर निघून आठच्या आत हडपसर मागे टाकायचं, एवढंच नियोजन.

दुसरा, सासवड ते नीरा. इथे गावरस्ते मिळतात. सासवडहून यमाई-शिवरीकडे, तिथून जेजुरी. जेजुरीपुढे दौंडज खिंड ओलांडून वाल्हे. ही माळरानाची, मुरमाची जमीन. मुरूम पाण्याचा निचरा करतो, त्यामुळे पाऊस पडून गेला तरी एका दिवसात सायकल घालता येते. तुमच्या फोर्कला खरं काम इथेच मिळेल.

तिसरा आणि सगळ्यात मोठा, नीरा ते पंढरपूर. नीरा नदी ओलांडली की पुणे जिल्हा संपून सातारा जिल्हा लागतो आणि आपण नदीच्या उजव्या काठाला येतो. वीर धरणापासून निघणारा नीरा उजवा कालवा याच बाजूने फलटण, माळशिरसच्या भागातून जातो. कॅनॉलच्या भरावावर पाटबंधारे खात्याचा सेवा रस्ता असतो. तोच तुमचा मातीचा रस्ता.

पण तीन गोष्टी ध्यानात ठेवा. एक, कॅनॉल समपातळीवर चालतो, म्हणजे टेकडीच्या कडेकडेने वळसे घेत जातो. चढ जवळजवळ नाही, पण हायवेच्या दीडपट अंतर धरून चाला. दोन, कॅनॉल जिथे ओढा ओलांडतो तिथे सेवा रस्ता बहुधा तुटतो. खाली ओढ्यात उतरायचं, पलीकडे चढायचं. सामानासकट सायकल खांद्यावर घ्यायची तयारी हवी. तीन, भरावाच्या नदीकडच्या बाजूला पाझर असतो. पाऊस नसला तरी खालचं रान ओलं असतं. शॉर्टकट म्हणून भरावावरून खाली शेतात उतरायचं नाही.

आणि हा सार्वजनिक रस्ता नव्हे. साखळी लावलेली असेल किंवा कालवा निरीक्षक नको म्हणाला तर हुज्जत न घालता मागे फिरायचं.

काटेकोर

टायरचं मी सांगतो. या रस्त्यावर सायकलस्वाराचे शत्रू दोन, वेडी बाभूळ आणि सराटे.

वेड्या बाभळीचा काटा लांब आणि कडक. कॅनॉलच्या दोन्ही काठांना हीच झाडी, आणि सरपणासाठी तोडून झाली की फांद्या वाटेवरच पडून राहतात. सराटा छोटा, पण टोकं चहूबाजूंनी, कसाही पडला तरी एक टोक वरच. एका सराट्याच्या पट्ट्यातून गेलात की चाकाला पंधरा-वीस भोकं सहज.

म्हणून ट्यूबलेस. २९×२.२ ते २.२५च्या टायरला प्रत्येकी १०० ते १२० मिली सीलंट (भोक आतून बुजवणारं लॅटेक्सचं द्रव). आपल्याकडच्या उन्हात लॅटेक्स दोन-तीन महिन्यांत वाळून त्याची कातडी होते. तेव्हा निघायच्या आठवडाभर आधी व्हॉल्व्हचा कोअर (आतला सुटा भाग) काढून आत काडी घालून बघा. काडीला ओल लागली नाही तर नवीन भरा.

हवा: ७० किलोचा माणूस आणि सामान धरून कच्च्यावर पुढे २२-२४, मागे २६-२८ पीएसआय. हायवेवर दोन्हीकडे ३२-३५. डिजिटल गेज ठेवा, अंगठ्याने दाबून दोन पीएसआयचा फरक कळत नाही.

काटा घुसला की लगेच उपटू नका. आधी चाक फिरवून भोक खाली आणा, म्हणजे सीलंट तिथे जमेल. मग काटा ओढा आणि अर्धा मिनिट तसंच धरा. भोक मोठं असेल तर प्लग (भोकात खुपसायची रबरी पट्टी). सीओटूचं नळकांडं वापरणार असाल तर व्हॉल्व्ह वरच्या बाजूला ठेवून मारा. थंड गॅस थेट सीलंटवर गेला तर काही लॅटेक्सच्या गुठळ्या होतात.

घोडासायकल

ट्यूबलेसचं हे कौतुक शहरात ठीक आहे. नातेपुत्याच्या अलीकडे दगडाने टायरची बाजू फाटली तर काय करणार? सीलंट पांढऱ्या धारेने बाहेर. ट्यूब असली तर कोणताही पंक्चरवाला दहा मिनिटांत ठिगळ लावतो. ट्यूब, सोल्यूशन, पॅच, दोन लिव्हर. शंभर वर्षं याच्यावर जग चाललंय.

काटेकोर

घोडासायकल, वीस सराट्यांना वीस ठिगळं लावत बसणार का? सोल्यूशन संपेल.

बाजू फाटली तर ट्यूबलेसमध्येही ट्यूबच घालायची असते, ती सोबत ठेवायचीच. फक्त एक पथ्य. ट्यूब घालण्याआधी टायरच्या आतून हात फिरवून (बोटांना कापड गुंडाळून) प्रत्येक काटा उपसायचा. सीलंटने बुजवलेले जुने काटे आत तसेच असतात. ते न काढता ट्यूब घातली की पाच मिनिटांत परत पंक्चर. फाटलेल्या जागी आतून जुन्या टायरचा तुकडा ठेवायचा. दुधाच्या पिशवीच्या प्लास्टिकची दुहेरी घडीही चालते.

मोकळी_चेन

दोघांच्या मधला मार्गही आहे. कोअर निघणाऱ्या व्हॉल्व्हची ट्यूब घ्या आणि तिच्यातच ६०-८० मिली सीलंट भरा. सराट्यांना पुरतं. बाभळीच्या लांब काट्याला नाही, कारण तो ट्यूब आरपार जाऊन वरच्या बाजूलाही भोक पाडतो.

आणखी एक. तुमच्या रिमला प्रेस्टा व्हॉल्व्ह असणार. गावातल्या पंक्चरवाल्याचा कॉम्प्रेसर मोटरसायकलच्या जाड व्हॉल्व्हचा. पितळी अडॅप्टर सोबत हवाच. नखाएवढा असतो. एक व्हॉल्व्हवरच बसवून ठेवा, दुसरा पाकिटात.

फुकटफौजदार

धागा वाचून एवढं कळलं की सायकलला विठ्ठलापेक्षा सीलंटची ओढ जास्त.

माणदेशी_गडी

नीराकाठचं सगळं बराबर हाय, पण उसाचं कुणीच सांगितलं नाय. दिवाळीनंतर गळीत हंगाम. फलटणपासून पुढं अकलूजपातुर सगळा कारखान्यांचा पट्टा. एका ट्रॅक्टरला दोन ट्रॉल्या, कांडी बाहेर आलेली, आन मागं लाल दिवा असंलच असं नाय. वळणावर मागची ट्रॉली आत कापती. तवा वळणावर ट्रॉलीच्या आतल्या बाजूला कधीच शिरायचं नाय. अंधार पडला का सायकल बंद.

रस्त्यावर उसाची कांडी चेंगरून पडल्याली असती, त्येच्यावर चाक आडवं पडलं की घसरलंच समजा. कांड्यावरनं जायची येळ आलीच तर सरळ जायाचं, हँडल वळवायचं नाय, ब्रेक दाबायचा नाय.

कुत्री: वस्तीवरची कुत्री मेंढरं राखणारी असत्यात. पळाला की पाठलाग. उतरायचं, सायकल मधी घ्यायची, गप चालत जायचं. हद्द संपली का ती आपोआप फिरत्यात.

एकतारी

या मार्गाने जायचं आणि आषाढी वारीत जायचं नाही हे काही पटत नाही. देहूहून तुकोबांचे चिरंजीव नारायण महाराजांनी १६८५मध्ये पालखी सुरू केली, पुढे १८३०च्या दशकात हैबतबाबा आरफळकरांनी माउलींच्या सोहळ्याला आजचं रूप दिलं. ही वाट माणसांनी पाय घासून तयार केलेली आहे. माणसं नसताना ती नुसता रस्ता आहे. अनेक शहरांतले सायकलगट आषाढीच्या आधी पंढरपूरला जातात, त्यांच्यासोबत तरी जा.

नीराकाठ

एकतारी, भाव समजतो, पण व्यवहार बघा. पालखी चालू असताना दिवेघाटासह जवळजवळ प्रत्येक टप्प्यावर वाहतूक वळवलेली असते. दिंड्या, पाण्याचे टँकर, सामानाचे ट्रक. त्या गर्दीत सायकल म्हणजे चालणाऱ्याच्या पोटरीला पेडल. आणि सायकलगट जातात ते डांबरीवरून. त्यांना मातीचा प्रश्नच येत नाही.

धागाकर्त्याला माती हवी आहे, आणि आषाढातली माती म्हणजे फलटणच्या पुढे काळी. ती सायकलला काय करते ते मोकळी_चेन सांगतील.

मोकळी_चेन

सांगतो, विस्ताराने सांगावं असाच विषय आहे.

काळी माती ओली झाली की टायरला चिकटते, चिकटलेल्या थरावर पुढचा थर बसतो आणि वीस-तीस मीटरमध्ये चाक फोर्कच्या वरच्या भागात आणि मागे सीटस्टेमध्ये (मागच्या चाकाच्या दोन्ही बाजूंच्या फ्रेमच्या नळ्यांत) जाम होतं. तुमचा टायर २.२५ असेल आणि फ्रेमला २.४पर्यंतच जागा असेल तर बाजूला उरतं दोन-तीन मिमी. तिथे गवताची काडी मिसळलेली माती गेली की वीटच होते. ढकलताही येत नाही, उचलावी लागते, आणि चिखलासकट सायकलचं वजन वीस किलोच्या पुढे.

खरा धोका मागच्या डिरेल्युअरला (चेन एका गिअरवरून दुसऱ्यावर नेणारा भाग). माती पुलीच्या पिंजऱ्यात भरते, चेन अडते आणि आपण जोर लावून पेडल मारतो. पिंजरा वर ओढला जाऊन स्पोकमध्ये शिरतो आणि हँगर (डिरेल्युअर फ्रेमला जोडणारा तुकडा) तुटतो. हँगर मुद्दाम मऊ ॲल्युमिनियमचा केलेला असतो, फ्रेम वाचावी म्हणून. म्हणजे तुटणं हे त्याचं कामच आहे. पण तो फ्रेमच्या मॉडेलप्रमाणे वेगळा असतो. फलटण, अकलूज, कुठेही तुमच्या फ्रेमचा हँगर मिळेल अशी आशा ठेवू नका. एक सोबत न्या, त्याचे स्क्रूसुद्धा, आणि त्या स्क्रूची ॲलन की तुमच्या मल्टिटूलमध्ये आहे का ते घरी बघा.

चिखलात पेडल जड लागलं की थांबायचं. हाच एक नियम. लाकडाच्या चपट्या काडीने पुली, चेनरिंग (पेडलजवळची दातेरी चकती), फोर्क साफ करायचा. पाणी ओतायचं असेल तर बाटलीने, वरून खाली. वॉशिंग सेंटरचा प्रेशरचा पाइप हब आणि बॉटम ब्रॅकेटवर मारू देऊ नका, बेअरिंगमधलं ग्रीस निघून जातं.

हँगर तुटलाच आणि सुटा नसेल तर चेन छोटी करून सिंगल स्पीड करता येते. डिरेल्युअर काढायचा, पुढच्या चेनरिंगच्या सरळ रेषेत येईल ती मागची मधली दातेरी चकती निवडायची, चेनटूलने चेन तोडून ताण बसेल अशी जोडायची. चेन थोडी जरी तिरकी राहिली तर शेजारच्या मोठ्या चकतीवर चढते आणि ताणाने अडकते, म्हणून रेष डोळ्याने नीट बघा. १२ स्पीडच्या चेनला १२चीच क्विकलिंक (चेन जोडायची सुटी कडी) लागते. ९ स्पीडची बसत नाही, जबरदस्ती करू नका.

गिअरबदलू

एवढं वाचून मी माझ्या हायब्रिडला घट्ट मिठी मारली.

फुकटफौजदार

सिंगल स्पीडवर पंढरपूर म्हणजे खरी वारी. गिअरबदलू हा आयडी मात्र बदलावा लागेल.

घोडासायकल

मोकळी_चेन यांचा प्रतिसाद आवडला. एक भर. चाक काढलेलं असताना हायड्रॉलिक ब्रेकचा लिव्हर चुकूनही दाबू नका. पॅड एकमेकांना चिकटतात आणि मग रोटर आत जात नाही. पॅडच्या मध्ये पुठ्ठ्याची घडी खुपसून ठेवा. दाबला गेलाच तर चपट्या टायर लिव्हरने हळूहळू पॅड मागे ढकला, स्क्रूड्रायव्हर नको, पॅडची कड फुटते.

पंक्चरवाले सवयीने सायकल उलटी करतात. थोडा वेळ चालतं, पण सिस्टिममध्ये हवेचा बुडबुडा असला तर उलटी केल्यावर तो कॅलिपरकडच्या (चाकाजवळच्या ब्रेकच्या) नळीत जातो आणि लिव्हर भुसभुशीत होतो. सरळ करून लिव्हरला रात्रभर रबरबँड बांधून ठेवला तर बऱ्याचदा सुधारतं.

चाकोरीबाहेर

सर्वांचे आभार, इतकं मिळेल असं वाटलं नव्हतं. दोन शंका. दिवेघाट घ्यावा की बोपदेव? आणि मध्येच काही झालं तर परतीची सोय काय?

घाटमाथा

बोपदेव घाट कोंढव्याकडून सुरू होतो, चढ अंगावर येतो, माथ्यावरून भिवरी, चांबळी करत सासवडला उतरता येतं. रहदारी दिवेघाटाहून कमी. सायकलवाल्यांचा व्यायामाचा घाट तो.

दिवेघाट वडकीपासून वर झेंडेवाडीकडे जातो, साधारण चार किलोमीटर, चढ एकसारखा. खाली मस्तानी तलाव दिसतो. पालखी याच घाटाने चढते, तेव्हा मार्ग धरून जायचं असेल तर हाच. मात्र चौपदरीकरणाची कामं जिथे चालू असतील तिथे कडेला खडी आणि धूळ असते. फोर्क लॉक करा, टायरमध्ये ३२च्या वर हवा भरा, ३२ दाती चेनरिंग असेल तर मागे मधल्या-मोठ्या चकत्या धरून बसून चढा. उभं राहून चढलात तर मागच्या बाजूला सामान असल्याने सायकल डोलते.

रूळमजूर

परतीचं असं. जेजुरी, वाल्हे, नीरा, लोणंद ही पुणे–मिरज मार्गावरची स्टेशनं आहेत. म्हणजे लोणंदपर्यंत काहीही बिघडलं तरी रेल्वे हाताशी आहे. लोणंदहून फलटणलाही रेल्वे आहे, पण गाड्या मोजक्या, त्या भरवशावर राहू नका. फलटण ते पंढरपूर हा पट्टा एसटी किंवा टेम्पोचा. पंढरपूर स्टेशन मिरज–कुर्डुवाडी मार्गावर आहे. कुर्डुवाडीला आलात की पुण्याची मुख्य लाइन.

सायकल सोबत न्यायची तर तिकीट दाखवून लगेज म्हणून बुक करायची, ती ब्रेकव्हॅनमध्ये जाते. छोट्या स्टेशनवर गाडी मिनिट-दोन मिनिटं थांबते. तेवढ्यात व्हॅनपर्यंत धावावं लागतं, म्हणून गार्डाचा डबा कुठे येतो ते आधीच विचारून ठेवा. पेडल काढा (डावं पेडल उलट्या आट्यांचं असतं, हे विसरून लोक पाना वाकवतात), हँडल फिरवून समांतर करा, डिरेल्युअरवर जुना टॉवेल बांधा, नाव आणि स्टेशन लिहिलेली चिठ्ठी फ्रेमला दोन ठिकाणी.

एसटीच्या नव्या गाड्यांना टपावर कॅरिअर नसतो. पोटातल्या डिकीत मावली तर कंडक्टरच्या मर्जीने.

देहूकर_नव्हे

अवांतर. तुकोबांच्या पालखीचा मार्ग का नाही घेत? लोणी काळभोर, यवत, वरवंड, रोटी घाट, उंडवडी, बारामती, सणसर, निमगाव केतकी, इंदापूर, सराटी, अकलूज. घाट म्हणावा असा एक रोटीचा, तोही किरकोळ. काटेवाडीला मेंढ्यांचं रिंगण होतं, बेलवाडीला गोल रिंगण. नीरा डाव्या कालव्याचा सेवा रस्ता या बाजूला आहे. डावा असो की उजवा, कॅनॉल म्हटलं की आमचीही बाभूळ तितकीच वेडी.

नीराकाठ

दोन्ही मार्ग वाखरीला मिळतातच. पण तुकोबांच्या मार्गावर यवत-वरवंडपर्यंत सोलापूर हायवेची संगत आहे. सायकलला ती नको. शिवाय जेजुरी-वाल्ह्याचा मुरूम तिकडे नाही.

एकतारी

आषाढी नको हे मान्य, मातीचं वाचून पटलं. पण धागाकर्त्याने निवडलेली वेळही चुकते आहे. पंढरपूरची कार्तिकी झाली की दिंड्या आळंदीकडे निघतात. कार्तिक वद्य एकादशी आळंदीची, त्रयोदशीला माउलींचा समाधी सोहळा. म्हणजे तुम्ही आळंदीहून निघाल तेव्हा समोरून दिंड्या येत असतील आणि आळंदीत पाय ठेवायला जागा नसेल. त्यापुढे मार्गशीर्षात चंपाषष्ठीला जेजुरी भरलेली. चंपाषष्ठी झाली की निघा. रस्ता मोकळा, धर्मशाळेत जागा, आणि काळी जमीन तोवर वरून वाळलेली.

काटेकोर

एकतारी यांना +१. आणि त्या दिवसांत पहाटे गारठा असतो. दुपारी तापलेल्या टायरमध्ये हवा भरून दुसऱ्या दिवशी सकाळी निघालात तर दाब एक-दोन पीएसआय कमी दिसेल. पंक्चर समजून टायर उघडत बसू नका.

चाकोरीबाहेर

वेळ बदलली, चंपाषष्ठीनंतर. बेत असा मांडलाय:

पहिला दिवस आळंदी ते जेजुरी, पालखीच्या हिशोबाने ७५-७७ किमी. दुसरा जेजुरी ते फलटण, ६० किमी. तिसरा फलटण ते माळशिरस, हायवेने ५७, पण कॅनॉलने जाणार. चौथा माळशिरस ते पंढरपूर, ५५. टायर २.२५ ट्यूबलेस, एक ट्यूब, प्लग, हँगर, दोन क्विकलिंक, चेनटूल, पॅडचा एक जोड. काही राहिलं का?

मोकळी_चेन

ब्रेक पॅड सिंटर्ड (धातूच्या भुकटीचे) घ्या. रेझिनचे पॅड वाळू-चिखलात भराभर झिजतात. सिंटर्ड थोडे किरकिरतात, पण टिकतात. तुमच्या रोटरवर "फक्त रेझिन" असं कोरलेलं असेल तर मात्र नको.

चेनला कोरडं तेल, आणि रोज संध्याकाळी फडक्याने पुसून मगच. धुळीवर तेल ओतलं की घासणारी पेस्ट तयार होते. क्लिपचे बूट नेऊ नका, साधे पेडल आणि खाचांचे बूट. ओढ्यात उतरून सायकल उचलताना क्लीटमध्ये (बुटाच्या तळाच्या खटक्यात) माती भरते आणि नंतर पेडलमध्ये बसत नाही. फोर्कचा सॅग (वजनाने तो जेवढा दबतो ते) सामान लादून मोजा, १०० मिमीला २० ते २५ मिमी. रिकाम्या सायकलवर लावलेला सॅग कामाचा नाही.

माणदेशी_गडी

पाणी. दोन बाटल्या पुरत नाहीत. तासाला पाऊण लिटर धरा, ऊन चढलं का जास्त. कॅनॉलचं पाणी पिऊ नका, वरनं गावं, शेतं, सगळ्याचं त्यात उतरतं. वस्तीवर मागितलं तर कुणी नाय म्हणत नाय, पण बोअरचं जड पाणी ज्येला सवय नाय त्येचं पोट बिघडतं. ओआरएसची पुडी एका लिटरला एक, कमी पाण्यात कालवू नका.

नीराकाठ

तिसरा दिवस तुम्ही हलका धरलाय, तो सगळ्यात जड आहे. ५७चे कॅनॉलने ८०-८५ होतील, आणि कॅनॉलवर वेग ताशी १२-१३च्या वर जात नाही. ओढे, फाटके, काटे धरून आठ-नऊ तास. थंडीत सहाला अंधार. म्हणून पहिल्या अर्ध्यात कॅनॉल करा, नातेपुत्याच्या आसपास दुपारचे दोन वाजले असतील तर सरळ हायवेला लागा. तिथून शंभू महादेवाचा डोंगर दक्षिणेला ठेवून माळशिरस गाठता येतं.

दुसरं, निघायच्या आठवडाभर आधी पाटबंधारे खात्याच्या स्थानिक कार्यालयात आवर्तन (कॅनॉलला पाणी सोडायची पाळी) कधी आहे ते विचारा. पाणी सुटलेलं असताना काठ ओला असतो, गळतीच्या जागी सेवा रस्त्यावर पाणी येतं आणि चाऱ्यांवर (शेतांकडे जाणाऱ्या छोट्या पाटांवर) शेतकऱ्यांची ये-जा वाढते. दोन आवर्तनांच्या मधला काळ सगळ्यात चांगला. भरलेल्या कॅनॉलच्या कडेने चालवताना पाण्याच्या बाजूने नाही, शेताच्या बाजूने चालवा. अस्तर केलेल्या कॅनॉलमध्ये पडलात तर उतार गुळगुळीत असतो, सामान घेऊन बाहेर येता येत नाही.

मॅप ॲपवर कॅनॉल निळा दिसतो, रस्ता दिसत नाही. उपग्रहाचं चित्र लावून सेवा रस्ता कोणत्या बाजूला आहे ते पुलापुलागणिक बघून ठेवा. चुकीच्या काठाला लागलात तर पुढच्या पुलापर्यंत बाजू बदलता येत नाही.

देहूकर_नव्हे

चौथ्या दिवशी घाई करू नका. वेळापुरात अर्धनारीनटेश्वराचं मंदिर यादवकाळातलं आहे, हायवेवरून जाणारे ते बघतच नाहीत. पुढे ठाकुरबुवांची समाधी, तोंडले-बोंडले, मग बाजीरावाची विहीर.

गिअरबदलू

हायवेच्या कडेला वारकऱ्यांसाठी पायवाट केली आहे ना, तिच्यावरून सायकल?

घाटमाथा

ती चालणाऱ्यांसाठी आहे आणि वारी नसतानाही गावाजवळ तिच्यावर माणसं, जनावरं, वाळत घातलेलं धान्य असतं. गावाबाहेर मोकळी असेल तिथे ट्रॉली मागून येताना बाजूला व्हायला उपयोगी, तेवढ्यापुरतीच.

चाकोरीबाहेर

नीराकाठ, तिसरा दिवस तोडला. बरडला किंवा नातेपुत्याला एक मुक्काम वाढवतो, एकूण पाच दिवस. सिंटर्ड पॅड मागवले. रोटरवर "फक्त रेझिन" लिहिलेलं नाही, बघितलं.

मोकळी_चेन

नवीन पॅड घातल्यावर घराजवळ उतारावर वीसेक वेळा वेग घेऊन हळूहळू ब्रेक दाबून बसवून घ्या. चाक पूर्ण थांबू द्यायचं नाही. न बसवता थेट दिवेघाटाच्या आसपासच्या उतारांवर गेलात तर पॅडचा वरचा थर काचेसारखा गुळगुळीत होतो आणि मग पकड येत नाही.

घोडासायकल

आणि ट्यूब एक नाही, दोन घ्या.

काटेकोर

यावर मात्र एकमत.